रिकामी पानं वाढवा

लहानपणी माझी आत्या मला ‘चौकशीची खिडकी’ म्हणायची. बसस्टँडवरच्या खिडकीत बसलेला माणूस निदान उत्तरं तरी देतो, मी नुसतीच विचारायची. काचेत रंग कुठून येतो, नवरीला हिरव्याच बांगड्या का, निळ्या का नाहीत, बांगडी गोलच का. आत्या हातातलं काम न सोडता म्हणायची, “खिडकी लाव ग माय, डोस्कं उठलं माझं.” पुढे लातूरला मला नोकरी लागली तीही एका क्लासच्या ऑफिसात, चौकशीच्याच टेबलावर. ही बातमी तिला फोनवर सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

आत्याचं दुकान नांदेडला जुन्या बाजारातल्या एका बोळात होतं. बांगड्यांचं. दुकान तिच्या सासूचं, सासूनंतर तिचं. तिथे बांगड्या कुणी विकत नसे, ‘भरत’ असे. बाई ओट्यावर बसायची, हात पुढे करायची, आणि आत्या तिचा पंजा आपल्या पंजात घेऊन थोडा दाबायची, थोडा वळवायची, गावाकडच्या पावसापाण्याचं विचारायची, आणि बोलता बोलता काच मनगटावर गेलेली असायची. यजमान गेल्यावर आत्याने स्वतःचे हात रिकामे ठेवले नाहीत. चार बायका कुजबुजल्या, तर ती म्हणाली, “बांगड्याच्या दुकानात बसनारीचा हात मोकळा बरा दिसतो का?” विषय संपला.

या दुकानाची बोली वेगळी होती. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं. दुकान बंद केलं असं म्हणायचं नाही, ‘वाढवलं’ म्हणायचं. रोज संध्याकाळी शटर खाली ओढलं की आत्या हात जोडून म्हणायची, “वाढवलं.” मी पाच-सहा वर्षांची असताना तिला विचारलं होतं, की वाढवलं म्हणजे मोठं केलं ना, मग शटर खाली कशाला? ती म्हणाली, “जे सरावं असं आपल्याला वाटत न्हाई, ते सरलं म्हनू न्हाई.” मला ते कळलं नाही, पण त्या दिवशी मी पुढचा प्रश्न विचारला नाही, एवढं आठवतं.

आणि दुसरा नियम, गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायचं नाही. हात पुढे करून बसलेली बाई रिकाम्या हाताने उठता कामा नये. मागितलेला रंग दुकानात नसला तर आत्या तो नाही असं कधीच सांगायची नाही. दुसरी डबी उघडून म्हणायची, “हे बग, हे तुझ्या हाताला लई खुलंल.” आणि खरंच खुलायचं. हे दोन नियम पुढे आमच्या डोक्याला किती ताप देणार आहेत, याची तेव्हा कुणाला कल्पना असणार?

दोनेक वर्षांपूर्वी त्या बोळातली इमारत पाडायची ठरली. मालकाने सगळ्या दुकानदारांना दसऱ्याच्या आत जागा रिकामी करायला सांगितली. आत्याचा मुलगा पुण्याला असतो. तो म्हणाला, “आई, आता बस झालं. माल कुणाला तरी देऊन टाक आणि इकडे ये.” आत्याचं घर गावाबाहेरच्या कॉलनीत, तिथे बांगड्या भरायला कोण येणार? मग मीच सुचवलं की दुकानाची वेबसाइट करू, लोक ती बघून फोन करतील, काही कुरिअरने मागवतील, काही घरी येतील. आत्याने विचार केला आणि मला स्पष्ट सांगितलं, “दसऱ्यापोत्तर बगते. फोन यायला लागले तर मी हितंच. न्हाई आले तर पुन्याला जाते आन् नातवाचे डबे भरते.”

डबे भरण्यात वाईट काही नाही. पण ती गेली असती तर मला अजिबात चाललं नसतं. आई गेल्यावर माझं माहेर म्हणजे तोच ओटा होता. हे मी तिला सांगितलं नाही, इथे सांगते.

वेबसाइट करून देणारे गृहस्थ लातूरचे. क्लासच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस आहे. मूळचे औशाचे. शिकवत कुणालाच नाहीत, पण त्या गल्लीत प्रत्येक जण सर असतो, त्यामुळे तेही सर. कामाला चोख, बोलायला नम्र, आणि गिऱ्हाइकाने सांगितलेला शब्द खाली पडू न देणारे. हा शेवटचा गुणच आम्हाला भोवला.

सरांनी साइटवर फिल्टर लावले. रंग निवडा, माप निवडा, काच की लाख की धातू ते निवडा, नक्षी निवडा, प्रसंग निवडा. आत्याला मी मोबाइलवर दाखवलं तर तिचा चेहरा उजळला. “हे तर माझेच प्रश्न हायेत की ग. बाई आली की मी हेच इचारते.” मग तिने सरांना फोन लावला आणि एकच अट घातली, “रिकामं पान दिसलं न्हाई पाहिजे. समजा एखाद्या मापात एखादा रंग नसंल, तर ‘नाही’ म्हनायचं न्हाई. दुसरं काय तरी दाखवायचं.” सरांनी तसंच केलं. कुठलेही फिल्टर लावा, जुळणारी बांगडी असो नसो, पान भरलेलंच दिसायचं. मलाही ते फार आवडलं. आत्याचा स्वभावच साइटवर उतरला, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते.

सगळ्यात महत्त्वाचं पान मात्र आत्याने स्वतः सांगून लिहून घेतलं. ‘मोठ्या हाताचा हिरवा चुडा.’ लोह्याकडच्या, देगलूरकडच्या खेड्यांतून शेतात राबणाऱ्या बायका तिच्याकडे यायच्या. कामाने पंजा रुंद झालेला, सांधे जाड झालेले. त्यांच्या मापाची काच बहुतेक दुकानांत ठेवत नाहीत. दुकानदार हात बघतो आणि धातूच्या किंवा प्लास्टिकच्या बांगड्या पुढे करतो. आत्या मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या मुद्दाम बनवून घ्यायची. तिचं म्हणणं होतं की फोन आले तर या पानामुळेच येतील, कारण त्या बायकांना दुसरीकडे कुठे मिळतच नाही.

पण ते पान सर्चमध्ये सापडेना. रोज दुपारच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी मी मोबाइलला विचारायची, “मोठ्या हाताचा हिरवा चुडा.” कुणाकुणाचे काय काय फोटो यायचे, भांगड्याचा व्हिडिओसुद्धा आला एकदा. आत्याचं पान नाही म्हणजे नाही. शेवटी मी सरांच्या ऑफिसात जाऊन बसले आणि खिडकी उघडली. सर्चमध्ये पान येतं म्हणजे नेमकं काय होतं? कोण आणतं? आपलं का आणत नाही?

सरांनी समजावून सांगितलं. सर्चवाल्यांचा एक रोबोट असतो. म्हणजे हातपाय असलेला नाही, एक प्रोग्राम. तो एक पान वाचतो, त्यावरच्या सगळ्या लिंक टिपून घेतो आणि एकेक करून त्या पानांवर जातो. तो ज्या पानावर गेलाच नाही, ते सर्चमध्ये येण्याचा प्रश्नच नाही. “मग तो आपल्याकडे येतच नाही का?” मी विचारलं. “येतो की मॅडम, रोज येतो,” सर म्हणाले, आणि त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. साइटच्या मालकाला सर्चवाले एक अहवाल दाखवतात, रोबोट कधी आला, कुठल्या पानांवर गेला याचा. मला हे माहीतच नव्हतं. कुणीतरी रोज आत्याच्या दुकानात येतं, सगळं बघतं आणि जातं, आणि आपल्याला पत्ता नाही! मी खुर्ची पुढे ओढली.

एकेक पत्ता मी वाचायला लागले आणि मला हसूच आवरेना. रोबोटने मागितलं होतं, रंग काळा, माप अडीच, प्रसंग डोहाळजेवण. डोहाळजेवणाला काळ्या बांगड्या! मग त्याने मागितलं, बाळाचं माप, लाखेच्या, प्रसंग लग्न. बाळाच्या लग्नाच्या बांगड्या! मग परत डोहाळजेवण, अडीच, काळा. मघाचंच, फक्त उलट्या क्रमाने. आत्या ज्याला ‘अडीच’ म्हणते त्याला डबीवर २-८, म्हणजे दोन इंच आठ सोळांश, असं छापलेलं असतं, आणि सरांनी दोन्ही फिल्टर ठेवले होते, म्हणून तेच सगळं २-८ घालून पुन्हा. साइटवर बांगड्या होत्या मूठभर, पण हा रंग, ते माप, ती नक्षी यांची सरमिसळ करत गेलं तर पत्त्यांना अंतच नव्हता. प्रत्येक फिल्टर दाबला की नवा पत्ता, आणि प्रत्येक पत्त्यावर आणखी फिल्टर.

“त्याला एवढं बघून कंटाळा येत नाही का?” मी विचारलं.

“कंटाळा नाही येत, पण वेळ ठरलेला असतो,” सर म्हणाले. “आपल्यासारख्या छोट्या साइटसाठी तो थोडाच वेळ देतो. तेवढ्यात जमेल तेवढं बघतो आणि जातो.”

आत्याकडे अशा बायका यायच्या. सगळ्या डब्या खाली काढायला लावायच्या, हा दाखवा, तो दाखवा, आणि उठून जायच्या. पण त्यांना निदान एवढं तरी कळायचं, की दुकानात डब्या इतक्याच आहेत. रोबोटला ते कळतच नव्हतं. कारण तो जे मागेल त्याला आमचं दुकान ‘आहे, या’ म्हणत होतं. बाळाच्या लग्नाच्या बांगड्या मागितल्या तरी आमच्या पानावर दहा बांगड्या सजून बसलेल्या. तो बिचारा प्रत्येक पान खरं समजून वाचत होता, आणि हिरव्या चुड्याच्या पानापर्यंत पोचायच्या आत त्याचा वेळ संपत होता.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. आत्याच्या ‘नाही म्हणायचं न्हाई’ने रोबोटला अडकवून ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी आत्याला फोन केला. ही जुळणारी बांगडीच नसलेली, म्हणजे खरं तर रिकामी पानं बंद करावी लागतील, हे तिच्या गळी उतरवायला बराच वेळ लागला.

“म्हंजे ‘नाही’ म्हनायचं?” ती म्हणाली.

“मशिनीला म्हणायचं आत्या. बाईला नाही.”

मग म्हणाली, “बरं. पन सरला मी सांगते. वेबसाइट माजी हाय. तू मधी बोलू नको.”

मला त्यात गैर काही वाटलं नाही. तेव्हा दहावीचा निकाल लागला होता, आमच्या ऑफिसात प्रवेशाची झुंबड उडाली होती, आणि मला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आत्याने सरांना निरोप दिल्याचं कळवलं. सरांनी काम सुरू केल्याचं कळवलं. मी निर्धास्त झाले.

गर्दी ओसरल्यावर पुन्हा मोबाइलला विचारलं. पान नाहीच. उलट आमच्या ऑफिसातल्या एकीची नणंद औशाला असते, तिने साइट उघडून बघितली तर ती नुसती गरगर फिरत राहिली, उघडलीच नाही. पोळा होऊन गेला होता. पुढे गणपती, मग महालक्ष्म्या, मग नवरात्र आणि दसरा. आत्या फोनवर बांगड्यांबद्दल बोलायची बंद झाली होती. पुण्याच्या हवेबद्दल विचारत होती. मला भीती वाटायला लागली.

मी तडक सरांकडे गेले. त्यांनी हसतमुखाने स्वागत केलं. “मॅडम, आत्याबाईंनी सांगितलं तसं सगळं केलं बघा,” आणि अहवाल उघडला. रोबोटच्या भेटींची रेघ छताला टेकली होती. सरांनी साडीच्या रंगाचा नवा फिल्टर घातला होता. सणांचा घातला होता. प्रत्येक महिन्याचा घातला होता. एवढंच नाही, जेवढी म्हणून सरमिसळ शक्य होती तेवढ्या सगळ्या पत्त्यांची एक फाइल करून त्यांनी रोबोटच्या हातात दिली होती, म्हणजे त्याचं एकही पान चुकायला नको. त्या ओझ्याने साइट बसली होती.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?” माझा आवाज बहुतेक खालच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत गेला असेल.

सर गोंधळले. त्यांनी मोबाइल काढला आणि आत्याचा आवाजी मेसेज लावला. आत्याचा खणखणीत आवाज खोलीत घुमला, “नमस्कार सर. ती रिकामी पानं हायेत ना, ती वाढवून टाका. दसऱ्याच्या आत झालं पाहिजे. हयगय करू नका, सगळीच्या सगळी वाढवा.”

मी कपाळावर हात मारला. आधी रागाने, आणि मग मला हसू फुटलं ते थांबेचना. सर माझ्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्याही चेहऱ्यावर उजेड पडला. “अरे देवा,” ते म्हणाले. “वाढवा म्हणजे दुकान वाढवा तसं?”

“तसं.”

“आमच्या घरी बी म्हणतात मॅडम. आजी दिवा बी वाढव म्हणायची. पण वेबसाइटवर पानं वाढवा म्हणलं की मला काय वाटणार? गिऱ्हाईक खूश होऊन राहिलं, आणखी पाहिजे म्हणतंय, असंच वाटलं.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आत्याचंही नाही. बंद करा हा शब्द तिच्या तोंडून आपल्या दुकानाबद्दल कसा निघेल? मराठी बोलणारी आम्ही तिघं माणसं, आणि त्या चौथ्याला, रोबोटला, मराठी येवो न येवो, त्याला आम्ही आणखी खोल खड्ड्यात ढकललं होतं. हसून झाल्यावर मात्र मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, दसरा फार लांब नव्हता.

पुढचे काही दिवस ऑफिस सुटलं की मी सरांकडे जायची. सरांचा पहिला विचार असा होता की या पानांवर आतल्या बाजूला एक सूचना लिहून ठेवायची, ‘हे पान सर्चमध्ये घेऊ नका.’ मला ते पटलं, पण बस स्टॉपवर उभी असताना डोक्यात किडा वळवळला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “पण सर, ती सूचना वाचायला त्याला पानात यावंच लागेल ना? म्हणजे वेळ गेलाच की.” सरांनी पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, “खरंय. चिठ्ठी आत नको, बोळाच्या तोंडाशी पाटी पाहिजे.”

अशी पाटी असते, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक साइटच्या दाराशी रोबोटसाठी एक छोटी फाइल ठेवता येते. कुठल्या पत्त्यांकडे वळू नये ते तिच्यात लिहायचं, आणि भले रोबोट आत यायच्या आधी ती वाचतात. सरांनी तिच्यात लिहिलं की फिल्टरचे पत्ते सोडून द्यावे. “भले म्हणजे? वाईट पण असतात का?” मी विचारलं. असतात म्हणे, पाटी न जुमानणारे. मग त्यांचं काय करायचं, यावर आमची एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि मला खरं सांगायचं तर फार मजा आली.

पाटी लावली की रोबोटला सगळेच फिल्टर बंद, मग हवं असलेलंही बंद. म्हणून बायका खरोखर जे मागतात ते आधी बाजूला काढलं. हिरवा चुडा, मोठं माप, लहान बाळाच्या काळ्या बांगड्या, ओटीच्या बांगड्या. यांना फिल्टरमधून न जाता सरळ पोचता येईल असे स्वतःचे पत्ते दिले आणि पहिल्या पानावर आणून बसवलं. अडीच आणि २-८ एक केलं. क्रम कुठलाही लावा, पत्ता एकच राहील असं केलं. ती सरमिसळीची फाइल सरांनी माझ्यासमोर पुसली.

राहिली रिकामी पानं. तिथे कुणी पोचलंच, माणूस किंवा तो पाटी न वाचणारा रोबोट, तर काय? सर म्हणाले की पान दोन भाषांत बोलतं. मशिनीला ते एक आकडा सांगतं, ४०४, म्हणजे इथे काही नाही. आणि माणसाला जे दिसतं ते आपण लिहू ते. आकडा ‘नाही’ म्हणेल, शब्द काहीही म्हणोत. मी तिथूनच आत्याला फोन लावला आणि म्हणाले, तुझ्या मनासारखं सुचव. तिने क्षणभरही न थांबता सांगितलं, “लिही. तुमचा हात आमच्या ध्यानात हाय. फोन करा, मागवून भरू.”

“त्यात ‘नाही’ कुठंच नको ना, आत्याबाई?” सरांनी खात्री करून घेतली.

“न्हाई,” आत्या म्हणाली.

आता वाट बघणं आलं. रोबोटला घाई करा म्हणून सांगता येत नाही. छताला टेकलेली रेघ हळूहळू उतरायला लागली, साइट झटकन उघडायला लागली, पण चुड्याचं पान काही दिसेना. नवरात्र बसलं. मी सुट्टी टाकून आठव्या माळेला नांदेडला गेले, दुकान आवरायला.

माहूरला जाणाऱ्या बायका दर नवरात्रात देवीच्या ओटीसाठी हिरव्या बांगड्या घ्यायला त्या बोळात यायच्या. या वेळी शेजारची दुकानं आधीच रिकामी झाली होती, त्यामुळे बोळाकडे फारसं कुणी वळलंच नाही. आत्या आणि मी बांगड्या कागदात गुंडाळून खोक्यांत भरत होतो. मधेच एक डझन माझ्या हातातून निसटला आणि फरशीवर काचा झाल्या. “वाढल्या,” मी घाईने म्हणाले. आत्या हसली नाही. म्हणाली, “पुन्याला सुनंच्या वळखीचं एक दुकान हाय म्हनं. हा माल त्येला देऊन टाकू.” मी खाली वाकून काचा गोळा करत राहिले, कारण वर बघितलं असतं तर मला रडू आलं असतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नेहमीसारखा तो स्पीकरवर टाकला. बाईचा आवाज होता, मागे बकरी ओरडत होती.

“हालो? बांगड्यावाल्या बाई का? म्या देगलूरकडून बोलून राहिले. फोनमंदी बोलले, मोठ्या हाताचा हिरवा चुडा, तर तुमचं दुकान आलं.”

आत्या ओट्यावर बसली. मी काचांसकट तशीच उभी राहिले.

“हाव, बोल माय,” आत्या म्हणाली.

“पोरीचं लगीन हाय, दिवाळी झाली की. तिच्यासाठी न्हाई, तिचा हात बारीक हाय. माज्यासाठी. माज्या सोताच्या लग्नात बी काचंचा चुडा बसला न्हाई बगा. पलास्टिकच्या घातल्या व्हत्या. आता पोरीच्या लग्नात तरी घालाव्या वाटतेत.”

आत्याला तिचा पंजा हातात घेऊन दाबता येत नव्हता. तिने डोळे मिटले आणि विचारलं, “हातानं काय काम करतीस?”

“कामून? सगळंच करते की. कापूस येचते, भाकरी थापते, म्हशी पिळते.”

“ये तू,” आत्या म्हणाली. तिचा आवाज मला अनोळखी वाटला. “दुकानाला नको, घराला ये. पत्ता सांगते. काचंच्याच भरू, कोपरापोत्तर भरू.”

तिने फोन ठेवला. मी मोबाइल काढून विचारलं, मोठ्या हाताचा हिरवा चुडा. पान आलं. दुसऱ्या नंबरावर, पण आलं. मी तिला दाखवलं, तर तिने स्क्रीनवरचा बांगडीचा फोटो बोटाने पुसल्यासारखा केला. संध्याकाळपर्यंत आणखी एक फोन आला, लोह्याच्या पलीकडच्या खेड्यातून. मग तिने आपण होऊन मुलाला फोन लावला आणि सांगितलं, “दिवाळीला येते. चार दिस ऱ्हाते आन् माघारी येते. हितं काम हाय मला.” खोकी टेम्पोत चढली ती पुण्याला जायला नाही, तिच्या कॉलनीतल्या घरी जायला.

शटर तिने स्वतः ओढलं. जरा जोर लावावा लागला. हात जोडले, पुटपुटली, “वाढवलं,” आणि पदराने तोंड पुसत बोळातून चालायला लागली. एवढ्या वर्षांचं दुकान होतं. रडणारच.

मी रात्र तिच्याकडे काढून सकाळच्या बसने लातूरला निघाले. बस लोह्याला थांबली, चहावाला खिडकीशी आला, आणि सरांचा फोन आला. त्यांच्या आवाजात भलताच सावधपणा होता.

“मॅडम, आत्याबाईंचा मेसेज आलाय. म्हणतात, ‘सर, मोठ्या हाताची पानं वाढवा.’ मी अजून कशाला हात लावला नाही. काल त्यांच्या दुकानाचा शेवटचा दिवस होता ना? आवाज पण जरा रडवेला वाटला. म्हणून आधी तुम्हाला विचारतो. साइट बंद करायची का?”

चहा माझ्या हातात तसाच राहिला. मी ओढणीने डोळे पुसले. शेजारची बाई काळजीने माझ्याकडे बघायला लागली.

“नाही सर,” मी म्हणाले. “या वेळी वाढवा म्हणजे वाढवा.”